टूर्नामेंट नव्हे, तालीम

गेल्या हिवाळ्यात धुळ्याला आपाकडे मुक्कामी होतो. रात्रीची जेवणं उरकल्यावर भाचा म्हणाला, "मामू, चलो, मॅच देखके आते." चाळीसगाव रोडच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर टेनिस बॉल क्रिकेटची टूर्नामेंट चालू होती. चार खांबांवर हॅलोजन. एका अंगाला मंडप, मंडपात सोफे, सोफ्यांवर नगरसेवक आणि होऊ घातलेले नगरसेवक. बॅनरवर पहिलं बक्षीस ५१ हजार, खाली शुभेच्छुकांचे पंचवीस-तीस फोटो. खेळणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले. त्यातले काही तर दुसऱ्या गावाहून पैसे देऊन आणलेले.

दोरीच्या पलीकडे चेंडू गेला की तो शोधून आणायला एक पोरगा ठेवला होता. बाराएक वर्षांचा असेल. ओव्हर संपली तेव्हा मी त्याला विचारलं, तू कधी खेळतोस? तो म्हणाला, "मेरे को कौन खिलाता चाचा? दिन में गॅरेज पे रहता. इदर बॉल लाके दिया तो पचास रुपये मिलते."

चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं २०१६ च्या दुरुस्तीपासून सरसकट बेकायदा आहे. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर हातभार लावण्याची सवलत आहे. हे त्या पोराला सांगून काय होणार होतं? मंडपातल्यांना सांगायला हवं होतं. मीही नाही सांगितलं.

आपल्या मोहल्ल्यांत खेळ नाही, असं कुणी म्हणू नये. जळगावात मेहरुण असो की तांबापुरा, धुळ्यात मौलवीगंज असो की वडजाई रोड, गल्ल्या क्रिकेटने भरलेल्या असतात. टूर्नामेंटही भरपूर होतात. नाही ती दुसरी गोष्ट. रोज संध्याकाळी पाच वाजता सुरू होणारी, बारा वर्षांच्या पोरासाठी असलेली, उद्या पुन्हा असणार याची त्याला खात्री असलेली. तिच्यासाठी आपल्याकडे जुना शब्द आहे, तालीम. मराठीत तालीम म्हणजे पैलवानांची मेहनत करायची जागा. आपल्या घरच्या उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मूळ अरबी शब्द एकच. लाल मातीच्या हौद्यात उतरलेल्या पोराला वस्ताद आधी माती चाळायला, मग हौदा खणायला लावायचा, डाव फार नंतर. वस्ताद हा शब्दही उस्तादवरूनच आलेला. खेळ आणि शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण अलीकडे शिकलो.

अगदी असाच विचार आफ्रिकेत एका झोपडपट्टीने करून दाखवला. केनियाची राजधानी नैरोबी, तिथली मथारे ही वस्ती. उघडी गटारं, पत्र्याची घरं, कचऱ्याचे डोंगर. १९८७ साली बॉब मन्रो नावाच्या कॅनडाच्या माणसाने तिथल्या पोरांना चिंध्या आणि प्लास्टिकचा चेंडू करून खेळताना पाहिलं. फुटबॉलची लीग सुरू करून देतो म्हणाला, पण एका अटीवर. तुम्ही वस्ती साफ करायची. मथारे युथ स्पोर्ट्स असोसिएशन अशी उभी राहिली. तिच्या लीगमध्ये सामना जिंकल्याचे गुण मिळतात तसे गटार उपसल्याचे, कचरा उचलल्याचेही मिळतात. म्हणजे सगळे सामने जिंकलेला पण सफाईला न आलेला संघ गुणतक्त्यात खाली राहू शकतो. सामने लावणं, पंच म्हणून उभं राहणं, लहान पोरांना शिकवणं ही कामं त्याच वस्तीतल्या मुलामुलींकडे. जे इतरांसाठी राबतात त्यांच्या शाळेच्या फीला मदत. १९९२ पासून मुलींचे संघ. या वस्तीतून मथारे युनायटेड हा व्यावसायिक क्लब निघाला आणि २००८ मध्ये तो केनियाच्या राष्ट्रीय लीगचा विजेता झाला.

मथारे आजही झोपडपट्टीच आहे, हेही सांगायला हवं. चेंडूने गरिबी हटत नाही. गरीब वस्तीत जर्सी वाटायच्या, फोटो काढायचे आणि निघून जायचं, या प्रकारची सेवा आफ्रिकेतही पुष्कळ झाली आहे आणि आपल्याकडेही. मन्रोच्या कामात मला मोलाचं वाटतं ते एवढंच की, त्याने पोरांना खेळायला दिलं आणि चालवायलाही दिलं.

इतकं लांब जायचं नसेल तर नागपूर आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये पावसात झोपडपट्टीतली पोरं एक फुटका डबा लाथाडताना पाहिली आणि झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. पुढे त्याचं स्लम सॉकर झालं. बेघरांच्या विश्वचषकात भारताचा संघ याच संस्थेच्या हातून जाऊ लागला. २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार तिला मिळाला. नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला २०२२ मध्ये. तो आपल्याकडच्या पोरांनी अमिताभसाठी पाहिला. मला त्यातली आदिवासी मुलगी आणि तिच्या बापाची कागदासाठी चाललेली वणवण जास्त लक्षात राहिली. पोरगी खेळते चांगली, पण ती कोण आहे हे सिद्ध करणारा कागद नाही.

कागदाची गोष्ट आपल्याकडेही आहे. माझ्या ओळखीतली एक मुलगी उर्दू शाळेत नववीला होती. लांब उडीत शाळेत पहिली. तालुक्याच्या शालेय स्पर्धेसाठी तिचं नाव जायला हवं होतं. शाळेने ते पाठवलंच नाही. विचारलं तर उत्तर आलं, पी.टी.चा शिक्षक नाही, फॉर्म भरणार कोण? आपल्या राज्यात ठरावीक स्तरावर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा आहेत. पण हा सगळा रस्ता शाळेने भरलेल्या त्या पहिल्या फॉर्मपासून सुरू होतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात तर शाळेला खेळाचं मैदान असावं, खेळाचं साहित्य असावं, असं स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या जमातींचे नेते शाळेच्या मान्यतेसाठी, अनुदानासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवतात. मैदानासाठी कुणी गेल्याचं मी ऐकलं नाही.

आमच्याकडे खेळाची बाजू मांडताना एक कारण हमखास दिलं जातं. पोरं बिघडणार नाहीत, दंग्याधोप्यात जाणार नाहीत. ६ जानेवारी २०१३ ला धुळ्यात काय झालं ते खानदेशात कुणाला सांगायला नको. हॉटेलच्या बिलावरून सुरू झालेला वाद, मग दंगल, पोलिसांचा गोळीबार आणि सहा तरुणांचे मृतदेह. अशा घटनांनंतर शांततेच्या बैठका होतात, सामने ठेवले जातात. मुंबईत १९९२-९३ नंतर मोहल्ला कमिटीच्या चळवळीने पोलीस आणि वस्त्या यांच्यात क्रिकेट सुरू केलं आणि ते काम वर्षानुवर्षं नेटाने चालवलं, त्याबद्दल आदरच आहे. पण आपल्या पोरांना खेळायला मिळावं याचं कारण ती धोकादायक आहेत हे असू नये. कॉलनीतल्या पोराला बॅडमिंटनला घातलं जातं तेव्हा तो दंगल करील म्हणून घालत नाहीत. तो लहान आहे म्हणून घालतात. गॅरेजवरचा तो बारा वर्षांचा पोरगाही लहानच आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं होतं की सहा ते चौदा वयाच्या मुस्लीम मुलांपैकी चौथा हिस्सा एकतर शाळेत गेलाच नाही किंवा शाळेतून गळाला. गळणाऱ्याला थांबवायला एखादी हवीहवीशी गोष्ट लागते. माझ्या पाहण्यात पोरं गणितासाठी शाळेत टिकलेली नाहीत, पण संघात नाव आहे म्हणून टिकलेली आहेत.

दुसरं कारण जहीर खानचं. श्रीरामपूरचा पोरगा भारतासाठी गोलंदाजी करू शकतो, तर आपला का नाही? जरूर. पण एका जहीरच्या आशेवर हजार पोरं नुसती उन्हात उभी करून चालत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला ब्राँझ घेऊन आली, २०१६ च्या ऑलिम्पिकला गेली. तिच्या पायांत डोंगर होताच. पण नाशिकला विजेंदर सिंग हे प्रशिक्षक रोज मैदानावर उभे होते, म्हणून तो डोंगर ट्रॅकवर उतरला. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेरकडे आपल्या तडवी भिल्लांच्या पोरापोरींकडे पाय तसेच आहेत. त्यांच्यासाठी रोज कोण उभं राहतंय? जळगावचंच घ्या. जैन इरिगेशनने कॅरम, बुद्धिबळ आणि क्रिकेटच्या खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, त्यातले कॅरमपटू जगात गाजले. आपल्या गल्लीतल्या क्लबांत कॅरम बोर्डावर दिवस दिवस घालवणारी पोरं त्याच शहरात राहतात. क्लब ते अकादमी हे अंतर रिक्षाने वीस मिनिटांचं असेल, पण ते पार करून देणारा माणूस नाही.

आता मुलींकडे येतो. इथे आमच्यातले सुशिक्षितही घसा खाकरतात. सातवीपर्यंत पोरगी सायकल चालवते, लगोरी खेळते. आठवीत गेली की खेळ बंद, कुणी बंद कर असं न सांगताही. कपड्यांचा, परक्या नजरांचा प्रश्न घरच्यांना खरोखर वाटतो, त्याची थट्टा करून काही साधत नाही. ठाण्याजवळच्या मुंब्र्यात परचम या संघटनेच्या मुलींनी हा प्रश्न कसा सोडवला ते पाहावं. फुटबॉल खेळायचा म्हणून त्यांनी वस्तीतून सह्या गोळा केल्या, लोकप्रतिनिधीकडे गेल्या आणि मुलींसाठी खेळायची जागा मागितली. हिजाब घालून खेळायचं तिने हिजाबात खेळावं, जिला नको तिने तसं. हिंदू, मुस्लीम मुली एकाच संघात. घरच्यांची समजूत काढणं हाही त्यांच्या सरावाचाच भाग होता, एकेका घरी जाऊन, चहा पिऊन.

आणि दीनचं म्हणाल तर बुखारी शरीफमधली ती हदीस आमच्या मौलाना साहेबांना माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. ईदचा दिवस होता. हबशी, म्हणजे आफ्रिकेतले लोक, मस्जिद-ए-नबवीत भाल्यांचा खेळ खेळत होते. हजरत आयशांना तो पाहायचा होता. त्यांचं मन भरेपर्यंत पैगंबर त्यांना आडोसा देऊन उभे राहिले. अबू दाऊदमध्ये दोघांनी लावलेल्या शर्यतीचीही नोंद आहे, पहिल्यांदा त्या जिंकल्या, पुढे एकदा ते जिंकले. मशिदीत खेळ झाला आणि बीबीने तो पाहिला, हे वाचल्यावर मला एक प्रश्न छळतो.

आपल्या जवळपास प्रत्येक गावाला ईदगाह आहे. अनेक ठिकाणी भिंत घातलेली, सपाट, मोठी जागा. वर्षातून दोन सकाळी तिथे नमाज होते. बाकीचे दिवस गेटला कुलूप. मोहल्ल्यातली पोरं त्याच भिंतीला बाहेरून स्टंप काढून रस्त्यावर खेळतात आणि ट्रकच्या हॉर्नला बाजूला होतात. ही जागा रोज संध्याकाळी असर आणि मगरिबच्या मधला दीड तास मुलांना का मिळू नये? अदब राखण्याचे नियम करता येतात. मिंबरच्या बाजूला जायचं नाही, चपला कुठे, पाण्याची बाटली कुठे टाकायची नाही. आठवड्यातून एकदा झाडून काढायचं, मथारेसारखं, आणि त्याचे गुण. दोन दिवस फक्त मुलींचे. मे महिन्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा फजरनंतर. आक्षेप येणार हे मला माहीत आहे. वक्फची जागा, उद्या कुणी हक्क सांगेल, गाड्या लावेल, लग्नाचा मंडप टाकेल. हे भय खोटं नाही, तशा जागा गेलेल्या आहेत. पण कुलूप लावलेल्या जागाही गेल्या आहेत. जिथे रोज चाळीस पोरं असतात तिथे रात्रीतून कुणी पत्रे ठोकत नाही.

पैशाचं विचाराल तर मी हिशेब मांडून पाहिला. तीस मुलांसाठी सहा फुटबॉल, वीस-पंचवीस कोन, दोन रंगांच्या बंड्या, एक शिट्टी, एक प्रथमोपचाराची पेटी. त्या रात्रीच्या पहिल्या बक्षिसात हे सगळं बसतं आणि निम्म्याहून जास्त रक्कम उरते. खरा खर्च माणसाचा. बी.पी.एड. होऊन घरी बसलेली आमची मुलं-मुली आहेत, त्यांना महिन्याचं मानधन द्यावं लागेल, आणि ते बारा महिने द्यावं लागेल. फुकट सेवेवर तीन महिन्यांपलीकडे काही चालत नाही, हे मी दोन वेळा करून पाहिलं आहे. दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात आमचा कोच इंटरव्ह्यूला गेला तो परत आला नाही, आणि त्याचा काही दोष नव्हता. मोहल्ल्यातल्या पन्नास घरांनी महिन्याला दोनशे रुपये काढले तर एका माणसाची सोय होते. टूर्नामेंटचे शुभेच्छुक पंचवीस-तीस होतेच.

एका ईदगाह ट्रस्टच्या बुजुर्गांशी बोलून झालं आहे. त्यांनी खेळाला हरकत घेतली नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता. "बेटा, चाबी किसके पास रहेगी?" मी म्हटलं, चौदा-पंधराच्या दोन पोरांकडे, नावं लिहून, सही घेऊन. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, रमजान होऊ दे, मग बैठकीत ठेवतो. रमजाननंतर मी जाणार आहे. भाच्याला सांगितलंय की तोवर त्या गॅरेजवाल्याशी बोल, पोराला पाच वाजता सोडशील का, आणि सकाळी शाळेत पाठवशील का. भाच्याचा परवा फोन आला होता. गॅरेजवाला अजून "देखेंगे" म्हणतोय.