नेता गेला, पक्ष राहिला

बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडनच्या ज्या किंग हेन्रीज रोडवर राहत होते, तेथील १० क्रमांकाचे घर आपण मुलांना आवर्जून दाखवितो. त्यांच्या व्यासंगाची हकिगत सांगतो. मात्र त्याच सुमारास ब्रिटनचे पक्षीय राजकारण कसे बदलत होते, ते सांगावयाचे राहून जाते. १९ ऑक्टोबर १९२२ रोजी कार्लटन क्लबातील सभेत हुजूर खासदारांनी लॉइड जॉर्ज यांच्याशी असलेली आघाडी मोडली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत मजूर पक्ष १४२ जागा जिंकून प्रमुख विरोधी पक्ष झाला.

या पक्षाचा जन्म फेब्रुवारी १९०० मधला. त्या वर्षी त्याला अवघ्या दोन जागा मिळाल्या. १९०३ मध्ये रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी उदारमतवादी पक्षाशी गुप्त समझोता केला आणि १९०६ मध्ये २९ जागा पदरात पाडून घेतल्या. खासदारांना त्या काळी वेतन नव्हते. गरिबाचा प्रतिनिधी कामगार संघटनांच्या वर्गणीवर जगे. १९०९ च्या ऑस्बोर्न निकालाने ती वर्गणीही बेकायदा ठरली. अखेर १९११ मध्ये खासदारांना वार्षिक ४०० पौंड वेतन सुरू झाले. (त्याच वर्षीच्या राष्ट्रीय विमा कायद्याला आमच्या डॉक्टर मंडळींनी कडाडून विरोध केला होता, हेही येथे प्रांजळपणे नमूद करतो!)

जानेवारी १९२४ मध्ये मॅकडोनाल्ड पंतप्रधान झाले. लॉसीमाउथ गावातील एका अविवाहित मोलकरणीचा हा मुलगा. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणाऱ्या समाजाचे चटके ज्यांनी सोसले आहेत, त्यांना या घटनेचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे १९३१ च्या आर्थिक संकटात बेकारभत्ता कापण्यावरून मंत्रिमंडळ फुटले. मॅकडोनाल्ड यांनी हुजूर आणि उदारमतवाद्यांसह राष्ट्रीय सरकार बनविले. पक्षाने त्यांना काढून टाकले. मजूर पक्ष २८७ जागांवरून ५२ वर आला. ऑगस्ट १९३२ मध्ये अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ देणारा निवाडा याच मॅकडोनाल्ड यांनी दिला, तेव्हा त्यांच्या पाठीशी स्वतःचा पक्ष नव्हता. संसदेतील बहुमत हुजुरांचे होते. संबंधित समाजांनी आपसांत करार केल्यास तो मान्य करण्याची तरतूद निवाड्यातच होती. २४ सप्टेंबरच्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले.

नेता गेला, तरी त्या पक्षाच्या गावोगावच्या शाखा, कामगार संघटना आणि वर्गणीची वही शाबूत राहिली. म्हणूनच १९४५ मध्ये अ‍ॅटली यांच्या नेतृत्वाखाली त्याला ३९३ जागा मिळाल्या. याउलट, बाबासाहेबांच्या संकल्पनेतून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष काही वर्षांतच फुटला आणि पुढे फुटतच राहिला. त्याचे खापर आपण काँग्रेसवर फोडतो, ते काही अंशी खरेही आहे. पण येथे परदेशात कोणती काँग्रेस आहे? तरीही एकाच शहरात दोन जयंत्या साजऱ्या होतात, दोन स्मरणिका निघतात, आणि दोन्हींत एकमेकांची नावे नसतात.

पदाधिकाऱ्यांनी सलग दोन मुदतींहून अधिक काळ एका पदावर राहू नये, असा घटनादुरुस्तीचा प्रस्ताव यंदाच्या वार्षिक सभेपुढे येत आहे. प्रस्तुत संपादक तीन मुदती पदावर राहिला आहे. प्रस्ताव त्यानेच मांडला असून या वेळी तो उमेदवार नाही. सभासदांनी सहकुटुंब उपस्थित राहावे, ही विनंती.

जय भीम!