बायो ड्रॉप करणाऱ्यांची मुलं

‘कॉम्प्युटर सायन्स की बायोलॉजी?’ हा प्रश्न अमेरिकेतला नाहीच. तो आपण महाराष्ट्रातून लोणच्याच्या बरणीबरोबर बांधून आणला. बरणी कधीच रिकामी झाली, प्रश्न अजून पुरतो आहे. दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात, कॉलेजचे अर्ज भरायच्या दिवसांत, तो मराठी घराघरांत बाहेर निघतो आणि सतरा वर्षांच्या मुलासमोर ठेवला जातो. जणू जगात दोनच शाखा आहेत, आणि एकीत शिरलं की दुसरीचं दार कायमचं बंद.

आपल्या वेळी ते खरोखरच बंद होत होतं. दहावीनंतर सायन्सला गेलं की काही महिन्यांत घरात एकच चर्चा: बायो ठेवायचं की ड्रॉप करायचं? गणित चांगलं तर बायो ड्रॉप, पाठांतर चांगलं तर मेडिकलची आशा. त्यातून बऱ्याच ज्युनिअर कॉलेजांत कॉम्प्युटर सायन्स हा दोनशे मार्कांचा बायफोकल विषय होता. तो मिळावा म्हणून बहुतेक जण बायोलॉजी आणि दुसरी भाषा सोडत. ही दुसरी भाषा अनेकांच्या बाबतीत मराठीच होती. म्हणजे कॉम्प्युटरसाठी आपण एका फटक्यात बेडूक आणि मायबोली दोन्ही सोडून दिली. आता रविवारी मुलांना मराठी शाळेत सोडायला जातो, तेव्हा हे आठवायला हरकत नाही.

तो निर्णय आपल्या पिढीला फळला, हे खरं. पण का फळला? १९९८ आणि २००० साली अमेरिकेने कायदे करून एच-वन-बी व्हिसांची वार्षिक मर्यादा वाढवली: ६५ हजारांवरून १ लाख १५ हजार, मग २००१ ते २००३ या तीन वर्षांसाठी १ लाख ९५ हजार. वायटूकेची भीती होती, इंटरनेटचा फुगा फुगत होता, माणसं हवी होती. २००४मध्ये मर्यादा परत ६५ हजारांवर आली. आपल्यापैकी पुष्कळ जण त्या काही वर्षांच्या उघड्या दारातून आत आले. आलो हे छानच झालं. पण त्या दाराचं श्रेय बायो ड्रॉप करण्याच्या शहाणपणाला देऊन तोच शहाणपणा आता मुलांना पाजायचा, हे काही पटत नाही.

आणि ज्यांना तो पाजतोय त्यांच्यासमोर काय आहे? नोव्हेंबर २०२२मध्ये मेटाने अकरा हजार माणसं काढली, जानेवारी २०२३मध्ये गूगलने बारा हजार. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचा एक तक्ता २०२५मध्ये आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून गेला. २२ ते २७ वयाच्या पदवीधरांमध्ये बेकारी किती, याचा. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांमध्ये ६.१ टक्के, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगमध्ये ७.५, आणि बायोलॉजीवाल्यांमध्ये ३.

झालं. त्या तक्त्यानंतर आपल्या मंडळींनी एका रात्रीत पगडी फिरवली. काल ‘बायोलॉजी करून काय उंदीर मारणार?’ म्हणणारे काका आज पॉटलकला समोसा हातात धरून सांगतात, ‘अहो, एआय कोड लिहील, पण इंजेक्शन थोडंच देणार आहे? बायोला घाला.’ घाला! कॉम्प्युटरला घाला, बायोला घाला. मूल म्हणजे काय मुदत ठेव आहे, या बँकेतून काढून त्या बँकेत घालायला?

शिवाय त्याच बँकेच्या तक्त्यात आणखी एक रकाना आहे, तो कोणी फॉरवर्ड केला नाही. पदवी लागतच नाही अशा कामावर किती पदवीधर अडकलेत, हे तो सांगतो. त्यात बायोलॉजीवाल्यांची अवस्था कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा कितीतरी वाईट आहे. नोकरी आहे, पण ती त्या पदवीची नाही. नुसत्या बी.एस. बायोलॉजीवर मिळणारं काम बहुधा प्रयोगशाळेतलं हातकामाचं, पगार बेताचा. पुढे जायचं तर पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं आणि मग पोस्टडॉक. संशोधनाचा पैसाही सरकारच्या मर्जीवर. फेब्रुवारी २०२५मध्ये एनआयएचने विद्यापीठांना मिळणारा वरखर्चाचा वाटा सरसकट १५ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं, तेव्हा न्यायालयाने ते रोखेपर्यंत किती प्रयोगशाळांचा जीव टांगणीला लागला होता. बायोलॉजीला ‘सुरक्षित’ म्हणणाऱ्यांनी हे मुलांना सांगितलंच पाहिजे. सांगत नाहीत, कारण त्यांच्या मनात बायोलॉजी नसतेच, डॉक्टर असतो.

माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. आपल्या घरांत बायोलॉजी या शब्दाला स्वतंत्र अर्थ नाही. तो मेडिकलचा जिना आहे. पण अमेरिकेत मेडिकल कॉलेजला जायला बायोलॉजीचीच पदवी लागते असंही नाही. ठरावीक विषय पूर्ण केले आणि एमकॅट दिली, की इतिहासाचा पदवीधरही अर्ज करू शकतो. पदवीची चार वर्षं, मेडिकलची चार, मग रेसिडेन्सीची तीन ते सात. ज्या मुलीला माणसांच्या आजारपणात रस आहे, तिने हा रस्ता जरूर धरावा. पण जिला दलदलीतल्या बेडकांत रस आहे, किंवा बुरशीत, किंवा डासाला माणसाचा वास कसा कळतो यात, तिने काय करायचं? ‘बायो करते’ म्हटल्यावर सगळे खूश होतात आणि ‘डॉक्टर नाही व्हायचं’ म्हटल्यावर तेच चेहरे पडतात. ‘मग पुढे काय?’ हा प्रश्न कॉम्प्युटरच्या मुलाला कोणी विचारत नाही.

इथे एक हुकमी वाक्य येतं. ‘आधी कॉम्प्युटर कर, बायोलॉजी नंतर करता येईल, उलटं जमत नाही.’ मी न्यू जर्सीत औषधकंपनीत आकडेवारीचं काम करते. माझ्या डाव्या हाताला प्रोग्रामर बसतात, उजव्या हाताला जीवशास्त्रज्ञ. हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं आहे, तितक्या वेळा ते कॉम्प्युटरवाल्याच्याच तोंडून ऐकलं आहे. पुराव्यादाखल हल्ली अल्फाफोल्डचं नाव घेतात. बघा, कॉम्प्युटरवाल्यांनी प्रथिनांचा प्रश्न सोडवला आणि २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल नेलं!

बरं, बघू या. अल्फाफोल्ड प्रथिनाची घडी ओळखायला शिकलं ते कशावरून? प्रोटीन डेटा बँक नावाच्या साठ्यावरून. तो १९७१ साली लाँग आयलंडवरच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत सुरू झाला, तेव्हा त्यात सात रचना होत्या. सात. पुढच्या पन्नास वर्षांत त्या दीड लाखाच्या पलीकडे गेल्या. प्रथिन शुद्ध करायचं, त्याचा स्फटिक पाडायचा, क्ष-किरण सोडायचे, बहुतेक वेळा हात हलवत परत यायचं, असं करत करत त्या गोळा झाल्या. कित्येकांची अख्खी पीएच.डी. एका रचनेत गेली. साठा सगळ्यांना फुकट खुला ठेवला म्हणून संगणकाला शिकायला काही होतं. त्याचं अमेरिकेतलं मुख्य ठाणं आज रटगर्समध्ये आहे, पिस्कॅटवेत, एडिसनला अगदी खेटून. आपण पटेल ब्रदर्सला जाता-येता त्याच्या आसपासून जातो. आणि रचना बरोबर आली का हे तपासायला अजूनही जो आलेख काढतात, तो रामचंद्रन यांचा, १९६३ सालचा, मद्रासचा.

नोबेल मिळवणाऱ्यांतले डेमिस हसाबिस केंब्रिजला कॉम्प्युटर सायन्स शिकले, हे खरं. पण नंतर स्वतःची व्हिडिओ गेमची कंपनी बंद झाल्यावर ते लंडनला मेंदूविज्ञानात पीएच.डी. करायला बसले, हे वाक्याच्या उत्तरार्धात गळतं. वेंकी रामकृष्णन यांनी अमेरिकेत भौतिकशास्त्रात पीएच.डी. केली, आणि मग सॅन डिएगोला जाऊन पुन्हा विद्यार्थी म्हणून जीवशास्त्राच्या वर्गात दोन वर्षं बसले. तेव्हा कुठे रायबोसोम आणि २००९चं नोबेल. ‘नंतर करता येतं’ याचा भाव हा असा असतो. डॉक्टरेट घेतलेल्या माणसाने पहिल्या बाकावर परत जाऊन बसायचं.

माझ्या उजव्या हाताच्या जीवशास्त्रज्ञांपैकी बरेच जण पायथन तिशीत शिकले, कामापुरतं, आणि चांगलं शिकले. त्यांचं अडतं ते दुसरीकडे. गणितात, विशेषतः संख्याशास्त्रात. सतराव्या वर्षी ‘मला गणित नकोच, म्हणून मी बायो घेते’ असं ठरवलेलं मूल पुढे खरंच अडचणीत येतं. ते दार पुन्हा उघडायला फार जोर लागतो. गंमत अशी की आपले पालक कोडिंगच्या क्लासवर हजारो डॉलर घालतात आणि मुलीने बारावीला स्टॅटिस्टिक्स सोडलं तर त्यांच्या लक्षातही येत नाही.

आता युक्ती. आपली जात युक्तीबाज. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश कठीण म्हणून अर्ज बायोलॉजीचा करायचा आणि आत शिरलं की विषय बदलायचा. हा सल्ला मी इतक्या ठिकाणी, इतक्या डोळे मिचकावण्यांसह ऐकला आहे की त्याची छापील पुस्तिका कशी निघाली नाही याचं नवल वाटतं. पण विद्यापीठं काही झोपलेली नाहीत. बर्कलीने २०२३पासून कॉम्प्युटर सायन्सचा प्रवेश थेट पहिल्या वर्षापासून ठेवला. वॉशिंग्टन विद्यापीठातही बहुतेक जागा थेट प्रवेशाच्या. अर्बाना-शॅम्पेनला आत शिरून कॉम्प्युटर सायन्सकडे वळणं जवळजवळ अशक्य. म्हणजे मूल चार वर्षं अशा विषयात अडकतं, जो त्याला आईबापांनी प्रतीक्षालय म्हणून दिला होता. ज्याला बायोलॉजी मनापासून हवी होती त्याची एक जागा गेली, ती वेगळीच. दोन्ही हवंच असेल तर सरळ रस्ते आहेत. अर्बानालाच कॉम्प्युटर सायन्स अधिक दुसरा विषय अशा पदव्या आहेत, एमआयटीत कॉम्प्युटर सायन्स आणि रेणवीय जीवशास्त्र यांची एकत्र पदवी आहे. आपल्या पुणे विद्यापीठात तर बायोइन्फर्मेटिक्सचं केंद्र १९८७ सालीच निघालं होतं, मानवी जनुकांचा मोठा प्रकल्प सुरू व्हायच्याही आधी. आपण तेव्हा बायो ड्रॉप करत होतो.

ज्यांची मुलं एच-फोरवर आहेत, त्यांची चिंता मात्र निराळी, आणि तिची थट्टा करणार नाही. एकवीस पूर्ण झाली की मूल आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतं, विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं, पुढे लॉटरी. म्हणून ‘नोकरी पटकन मिळेल ते शीक’ म्हणावंसं वाटणारच. पण हिशेब पूर्ण करा. पदवीनंतर कामाच्या परवान्याचे बारा महिने आणि स्टेमचे वाढीव चोवीस हे कॉम्प्युटरइतकेच बायोलॉजीलाही मिळतात. आणि विद्यापीठं व ना-नफा संशोधन संस्था एच-वन-बीच्या वार्षिक मर्यादेतून मुक्त आहेत, त्यांना लॉटरी लागत नाही. प्रयोगशाळेत जाणाऱ्यांना याचा उपयोग होतो, आणि हे आपल्या बैठकांत कोणी बोलत नाही, कारण बोलणाऱ्यांपैकी प्रयोगशाळेत कोणी गेलेलंच नसतं.

कॉम्प्युटर सायन्सची आपण कमी हेळसांड करत नाही, हेही सांगून टाकते. नोकरीच्या सोयीसाठी आपण त्याचं ‘कोडिंग’ करून ठेवलं. ज्या मुलाला ग्राफ, अल्गोरिदम, एखादा प्रश्न संगणकाला मुळात सुटू शकतो का असल्या गोष्टींनी झोप लागत नाही, त्याला या वर्षी दंतवैद्य व्हायला सांगितलं जातं आहे, कारण फेडरल रिझर्व्हचा आकडा ६.१ आला. पुढच्या वर्षी आकडा फिरला तर?

या देशात शिकायला आलेल्या पहिल्या मराठी बाईचं नाव आपण दर महिलादिनी घेतो. आनंदीबाई जोशी १८८३ साली आल्या, १८८६मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. कमला सोहोनींना १९३३ साली बंगळूरला सी. व्ही. रामन यांनी ‘बाई’ म्हणून नाकारलं. त्या हटून बसल्या, प्रवेश घेतला, आणि १९३९मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, जीवरसायनशास्त्रात. त्यांच्या तसबिरींना हार घालायचे आणि घरातल्या मुलीने सूक्ष्मजीवशास्त्र म्हटलं की पगाराचा तक्ता उघडायचा, हे आपल्याला एकाच दुपारी जमतं.

आमच्या मंडळात करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम दर हिवाळ्यात होतो. मंचावर पाच जण, पाचही आयटीतले, सूत्रसंचालकही आयटीतला. यंदा माझी मागणी आहे, आणि इतर गावच्या मंडळांनाही तीच सुचवते. एक पोस्टडॉक बोलवा, जो आपला पगार मोकळेपणाने सांगेल. एक प्रयोगशाळा सोडून गेलेली बाई बोलवा. एक नोकरी गेलेला प्रोग्रामर बोलवा आणि एक तिशीत गणित पुन्हा शिकलेला जीवशास्त्रज्ञ. मुलांना उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला मिळतील का, ते त्यांच्याकडून काढून घ्या. पाचव्यांदा बिघडलेला प्रयोग सहाव्यांदा मांडायला मूल आपणहून जातं, की रात्री दोनला प्रोग्राममधली चूक शोधत बसतं, हे तिथे कळेल. आणि त्या दोन तासांसाठी पालकांची चहाची सोय दुसऱ्या खोलीत करा.