अडगळीतला गंधार

१९८४ साली केंद्र सरकारने शालेय संगणक-साक्षरतेची योजना आरंभिली आणि निवडक शाळांतून ‘बीबीसी मायक्रो’ संगणक आले. तसलाच एक आमच्या उज्जयिनीतल्या माजी विद्यार्थ्याने भंगारातून मिळविला. त्यातील १६ पायांची ध्वनिचिप काढून, तिला लहानसा नियंत्रक, कळा व ध्वनिवर्धक जोडून त्याने स्वरवाद्य सिद्ध केले.

पेटीवर वाढलेले आम्ही मनातून हसलो. पण त्याने गणित मांडले. ही चिप सेकंदाला ४० लाख ठोक्यांना आधी ३२ ने, मग आपण दिलेल्या पूर्णांकाने भागते. ६०० दिला की षड्ज, ४८० ला गंधार, ४०० ला पंचम. गुणोत्तरे नेमकी! तिने तिन्ही स्वर एकदम धरले आणि तंबोऱ्यातून आपसूक उमटणारा गंधार ऐकू आला. आमच्या पेटीचा गंधार त्याहून चढा निघाला.

मग त्याने संगणकाचे झाकण दाखविले. आत शाळेचा शिक्का होता. भंगाराच्या त्या यादीवर सही आमचीच होती. वाचकहो, यापुढे झाकण उघडून पाहिल्यावाचून आम्ही सही करणार नाही.