दिवाणांचा सल्ला, रयतेचा सवाल

म्हैसूरहून नंजनगूडकडे निघालेली गाडी वाटेत कडकोळ हे गाव घेते. राजवाड्यापासून ते फारसे दूर नाही. तरीही संस्थानी काळात अशा गावाचे गाऱ्हाणे दरबारापर्यंत नेण्याचा राजमान्य मार्ग म्हणजे दसऱ्याच्या सुमारास भरणारी प्रतिनिधी सभा. दिवाण रंगाचार्लू यांनी १८८१ मध्ये ती सुरू केली. सभेने गाऱ्हाणे मांडावे आणि निर्णय दिवाणांनी घ्यावा, अशी ती व्यवस्था होती. महाराजांचा पहिला सल्लागार आणि कारभाराचा प्रमुख या दोन्ही भूमिका दिवाणांच्याच ठायी एकवटलेल्या होत्या.

१९०६ ते १९०९ या काळात हे पद व्ही. पी. माधवराव यांच्याकडे होते. विश्वनाथ पाटणकर माधवराव हे कुंभकोणमच्या तंजावरी मराठी घराण्यातले. तरुणपणीच म्हैसूरच्या सेवेत दाखल झालेल्या या अधिकाऱ्याने पोलीस खात्याचे प्रमुखपद भूषविले आणि १८९८ च्या प्लेगच्या साथीत प्लेग आयुक्त म्हणून काम पाहिले. १९०४ मध्ये त्रावणकोरचे दिवाण होताच त्यांच्या कारकीर्दीत तेथे श्रीमूलम प्रजासभा स्थापन झाली. म्हैसूरला परतल्यावर १९०७ मध्ये विधिमंडळाची स्थापना झाली. त्यात सरकारी सदस्यांचेच प्राबल्य होते आणि अंदाजपत्रकावर चर्चेचा अधिकार पुढे विश्वेश्वरय्यांच्या काळात मिळाला, हे खरे. तथापि कायदा करण्यापूर्वी चार लोकांसमोर त्याची चर्चा व्हावी, हे तत्त्व रुजविण्याचे श्रेय माधवरावांना द्यावेच लागेल.

मात्र याच दिवाणांच्या राजवटीत १९०८ चा वृत्तपत्र कायदा आला. सरकारच्या परवानगीविना वृत्तपत्र काढण्यास त्याने मज्जाव केला. निषेध म्हणून एम. वेंकटकृष्णय्यांसारख्या संपादकांनी आपली पत्रे बंद केली. एका हाताने सभागृहाचे दार उघडायचे आणि दुसऱ्या हाताने छापखान्याला कुलूप लावायचे, हा विरोधाभास केवळ एका व्यक्तीच्या स्वभावाचा नव्हता. दिवाणांचे अधिकार महाराजांच्या विश्वासावर आणि ब्रिटिश रेसिडेंटच्या संमतीवर अवलंबून होते; रयतेच्या मतावर नव्हते. मर्जीवर टिकणाऱ्या सत्तेला सल्लामसलत चालते, जाब विचारणारा मात्र खुपतो.

याच्याशी युद्धोत्तर जर्मनीतील एगोन बार यांची तुलना उद्बोधक ठरेल. चॅन्सेलर विली ब्रांट यांचे अत्यंत निकटचे सल्लागार असलेल्या बार यांनी १९७० च्या मॉस्को कराराच्या वाटाघाटी बव्हंशी बंद दाराआड केल्या. परंतु तो करार बुंडेस्टागमधील कडव्या विरोधाला सामोरा गेला, एप्रिल १९७२ मध्ये ब्रांट यांच्यावर अविश्वासाचा प्रस्तावही आला आणि तो फेटाळला गेल्यावरच धोरण तगले. त्याच वर्षी बार स्वतः संसदेवर निवडून आले व मंत्री झाले. सल्लागाराला उत्तरदायित्वाच्या चौकटीत येण्याचा मार्ग तेथे उपलब्ध होता.

माधवरावांना तो मार्ग निवृत्तीनंतर शोधावा लागला. १९१४ ते १९१६ बडोद्याची दिवाणगिरी केल्यावर ते राष्ट्रीय चळवळीकडे वळले आणि १९२० मध्ये धारवाडच्या कर्नाटक राजकीय परिषदेचे अध्यक्ष झाले. कर्नाटकाच्या एकीकरणाची मागणी पुढे नेणाऱ्या परिषदेचे अध्यक्षपद एका मराठीभाषकाने भूषवावे, ही गोष्ट सीमाप्रश्नाच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांना चमत्कारिक वाटेल. पण ज्या प्रांताचे मीठ खाल्ले त्या प्रांताच्या आकांक्षेला आपले मानणे, ही तंजावरी मराठी परंपरेची सहज रीत होती. राजधानीत स्थिरावलेल्या मराठी माणसाला ती अनोळखी वाटू नये.

आजच्या दिल्लीतही दिवाणखाने आहेत. फक्त पाट्या बदलल्या आहेत. १९९८ मध्ये निर्माण झालेले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारपद असो वा पंतप्रधान कार्यालयातील सल्लागारांची फळी, सल्लागार म्हणून ही मंडळी प्रश्नोत्तराच्या तासाला उभी राहत नाहीत; त्यांच्या वतीने मंत्री उत्तर देतात. ही व्यवस्था गैर नाही. मात्र ती निकोप राहते ती मंत्री खरोखर उत्तर देतात आणि वृत्तपत्रे खरोखर प्रश्न विचारतात तेव्हाच. माधवरावांनी उभारलेले विधिमंडळ त्यांच्या पश्चात वाढत गेले. त्यांचा वृत्तपत्र कायदा मात्र त्यांच्या कीर्तीवरील डाग ठरला. सत्तेच्या कानाशी बसणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब ध्यानी ठेवावा.