संपाने सुरू झालेला हंगाम

स्पेनमधील महिला फुटबॉलची प्रथम श्रेणीची साखळी स्पर्धा ‘लीगा एफ’ या नावाने ओळखली जाते. तिचा २०२३-२४ चा हंगाम क्रीडापृष्ठांवर एका ओळीत नोंदला गेला आहे. बार्सिलोनाने ३० पैकी २९ सामने जिंकले, एक बरोबरीत सुटला, पराभव एकही नाही. १३७ गोल केले, स्वीकारले अवघे १०. दुसऱ्या क्रमांकावरील रेआल माद्रिद १५ गुणांनी मागे राहिले. या आकड्यांत खोटे काही नाही. परंतु ज्या हंगामाची पहिली फेरी चेंडूला एकही लाथ न बसता संपली, त्याची हकीकत चेंडूपासून सुरू करणे ही निव्वळ मालकवर्गाची सोय आहे. ८ ते १० सप्टेंबर २०२३ या तीन दिवसांत १६ संघांचे ८ सामने व्हावयाचे होते. त्यांतला एकही झाला नाही. खेळाडू संपावर होत्या.

तीनच आठवड्यांपूर्वी, २० ऑगस्टला, सिडनी येथे याच देशाच्या महिलांनी इंग्लंडला १-० असे हरवून विश्वचषक जिंकला होता. त्या संघातील बहुसंख्य मुली याच साखळीत खेळणाऱ्या. जगाने त्यांच्या गळ्यात हार घातले, आणि घरी परतल्यावर त्यांना मालकांसमोर बसून किमान वेतनाचा हिशेब मांडावा लागला. हा हिशेब मुळातून पाहण्यासारखा आहे.

संपापूर्वी या साखळीत खेळाडूचे किमान वार्षिक वेतन १६,००० युरो होते. त्याच वर्षी स्पेनमध्ये कोणत्याही कामगाराला, मग तो हॉटेलात भांडी घासणारा असो की शेतावर संत्री तोडणारा, कायद्याने मिळणारे किमान वेतन महिना १,०८० युरो, वर्षाचे १४ हप्ते, म्हणजे १५,१२० युरो होते. देशातील सर्वोच्च साखळीत खेळण्याच्या कौशल्याची, त्यामागील दहा-पंधरा वर्षांच्या मेहनतीची आणि तिशीच्या आसपास संपणाऱ्या कारकिर्दीची किंमत अशा रीतीने वर्षाला ८८० युरो ठरली होती. पुरुषांच्या प्रथम श्रेणीतील किमान वेतन सुमारे १ लाख ८० हजार युरो होते, सव्वाअकरा पट.

हे १६,००० युरोही कोणी आपखुषीने दिलेले नव्हते. नोव्हेंबर २०१९ मध्ये याच खेळाडूंनी पहिला संप केला, तेव्हा कुठे फेब्रुवारी २०२० मध्ये पहिला सामुदायिक करार झाला. त्या वेळचा वाद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावा असा आहे. १६,००० हा आकडा दोन्ही पक्षांना मान्य होता. मालकांचे म्हणणे एवढेच, की खेळाडूचे काम हे ‘अर्धवेळ’ काम आहे, तेव्हा तिला त्याचे निम्मे, ८,००० युरो, द्यावेत. खेळाडूंचे म्हणणे होते की निदान पाऊण वेळ तरी माना, म्हणजे १२,००० होतील. कामाचा दिवस किती तासांचा, हा श्रमिक चळवळीचा सर्वांत जुना प्रश्न येथे नव्या वेषात उभा होता. सराव हे काम; पण सरावानंतरची विश्रांती, मोजून खाणे, पाचशे मैलांचा प्रवास, दुखापतीनंतरचे महिनोन्‌महिने, हे काम नाही काय? यंत्राला तेल घालण्यासाठी लागणारा वेळ कारखानदार उत्पादनखर्चात धरतो. मनुष्याच्या बाबतीत मात्र तोच वेळ त्याचा खासगी शौक ठरतो.

२०२३ मध्ये मालकांचा युक्तिवाद बदलला, कारण २०२१ मध्ये या साखळीला सरकारने व्यावसायिक दर्जा दिला होता आणि अर्धवेळेची भाषा आता बोलण्याजोगी राहिली नव्हती. आता ते म्हणू लागले, साखळी नवी आहे, उत्पन्न थोडे आहे, क्लब तोट्यात आहेत. जे मिळतच नाही ते वाटायचे कोठून? या युक्तिवादाची टिंगल करून भागणार नाही. प्रक्षेपणाचे हक्क २०२२-२३ पासूनच्या पाच हंगामांसाठी ‘डॅझन’ कंपनीला ३ कोटी ५० लाख युरोंना दिले गेले होते. वर्षाला ७० लाख. ते १६ क्लबांत सारखे वाटले असे धरले तरी प्रत्येकाच्या वाट्याला ४ लाख ३७ हजारांच्या आसपास रक्कम येते. २२ खेळाडूंच्या संघाला प्रत्येकी २१,००० युरो द्यायचे तर ४ लाख ६२ हजार लागतात. प्रक्षेपणाच्या पैशांत किमान वेतनही निघत नाही, हे मालकांचे गणित बेरीज-वजाबाकीपुरते बरोबर आहे.

पण त्यांनी न मांडलेले गणित असे. वाटाघाटी तुटल्या तेव्हा संघटना २३,००० युरोंवर उतरल्या होत्या आणि साखळीचे व्यवस्थापन २०,००० वर अडून बसले होते. तफावत ३,००० युरोंची. साखळीतील झाडून सगळ्या खेळाडू किमान वेतनावरच आहेत असे गृहीत धरले, आणि तसे मुळीच नव्हते, तरी एका क्लबावर ६६,००० आणि संबंध साखळीवर साडेदहा लाख युरोंचा बोजा पडत होता. एवढ्या रकमेसाठी विश्वविजेत्या देशाची पहिली फेरी बुडू देण्यात आली. ही काटकसर नव्हती. उद्या कोणाचे ऐकायचे, हा प्रश्न त्यात गुंतलेला होता.

शिवाय, हे ‘क्लब’ म्हणजे कोण? १६ पैकी १० क्लबांचे पुरुषसंघ त्याच हंगामात पुरुषांच्या प्रथम श्रेणीत खेळत होते. त्या श्रेणीचे स्पेनमधील प्रक्षेपणहक्क पाच हंगामांसाठी ४९५ कोटी युरोंना विकले गेले होते. वर्षाला ९९ कोटी. एकाच क्लबाचे नाव, एकच रंग, एकच तिजोरी. पण मुलींच्या वेतनाचा विषय निघाला की तीच तिजोरी दोन कप्प्यांची होते आणि मधली भिंत काँक्रीटची असल्याचे सांगितले जाते. बार्सिलोना, रेआल माद्रिद आणि बिल्बाओचा अ‍ॅथलेटिक हे क्लब तर भांडवलदारांच्या मालकीचे नाहीत, सभासदांच्या मालकीचे आहेत. कागदावर सभासदांची मालकी असली म्हणजे कारभार समतेचा होतो असे नाही, हे महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांच्या सभासदांना कोणी सांगावयास नको.

‘बाजारात मागणी नाही’ हे या सगळ्याला दिलेले शास्त्रीय नाव आहे. बाजार म्हणजे जणू पावसासारखी नैसर्गिक घटना! ज्यांना या शास्त्राचा अभिमान आहे त्यांनी फुटबॉलच्या मायदेशातील, इंग्लंडमधील, एक तारीख पाठ करावी. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर प्रेस्टनच्या एका कारखान्यातील कामगार मुलींच्या संघाचा, डिक-केर लेडीजचा, सामना पाहावयास ५३,००० माणसे आली होती. मागणी होती. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सभासद क्लबांच्या मैदानांवर स्त्रियांना खेळण्यास बंदी केली. ही बंदी उठावयास सुमारे पन्नास वर्षे लागली. स्पेनमध्ये फ्रँकोच्या राजवटीत तर स्त्रीने फुटबॉल खेळणे हीच विकृती मानली गेली. तेथील महासंघाने महिला फुटबॉलला मान्यता दिली १९८० मध्ये, राष्ट्रीय साखळी सुरू झाली १९८८ मध्ये. पन्नास-साठ वर्षे दुकानाला टाळे ठोकायचे, आणि टाळे काढल्याबरोबर गल्ला मोजून गिऱ्हाईक नाही म्हणायचे! मार्च २०२२ मध्ये बार्सिलोनाच्या मुख्य मैदानाची दारे मुलींसाठी उघडली तेव्हा रेआल माद्रिदविरुद्धच्या सामन्याला ९१,५५३ प्रेक्षक आले.

संपाच्या त्या दिवसांत जगाच्या वृत्तपत्रांत स्पेनचे महिला फुटबॉल गाजत होते ते वेगळ्याच कारणाने. महासंघाचे अध्यक्ष लुईस रुबियालेस यांनी विश्वचषकाच्या पदकसमारंभात खेळाडू जेनी एर्मोसो हिचे तिच्या संमतीविना चुंबन घेतले. ८१ खेळाडूंनी नेतृत्व बदलेपर्यंत राष्ट्रीय संघातून खेळण्यास नकार दिला. संप चालू असतानाच, १० सप्टेंबरला, त्यांनी राजीनामा जाहीर केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरवून १०,८०० युरो दंड केला. या प्रकरणातील एक तपशील डाव्या कार्यकर्त्यांनी विसरू नये. हे गृहस्थ २०१० ते २०१७ या काळात स्पेनच्या फुटबॉलपटूंच्या कामगार संघटनेचे अध्यक्ष होते, आणि २०११ मध्ये थकलेल्या वेतनासाठी झालेल्या पुरुष खेळाडूंच्या संपाचे पुढारी होते. संघटनेच्या खुर्चीवरून मालकांच्या खुर्चीवर जाताना माणसाला फार चालावे लागत नाही. चुंबनाची बातमी जगभर झाली, वेतनाची झाली नाही. परंतु मुलींच्या शरीरावर आपला हक्क गृहीत धरणारी व्यवस्था आणि त्यांचे श्रम अर्धवेळ मानणारी व्यवस्था या दोन नाहीत.

१४ सप्टेंबरला तडजोड झाली. २०२३-२४ साठी २१,००० युरो, त्यानंतर २२,५०० आणि तिसऱ्या वर्षी २३,५००. व्यापारी उत्पन्न वाढल्यास आणखी काही. इतर कलमांवरील बोलणी पुढे चालू ठेवावयाची ठरली. पुरुषांच्या किमान वेतनाशी तुलना केली तर दरी अजूनही साडेआठ पटींची उरली, आणि उत्पन्न वाढले तरच वेतन वाढेल ही अट म्हणजे धंद्याची जोखीम मजुराच्या गळ्यात बांधणे होय. तरीही हा विजयच. संप झाला नसता तर १६,००० युरोंचे काय झाले असते? देशाचे कायदेशीर किमान वेतन २०२४ मध्ये १५,८७६ आणि २०२५ मध्ये १६,५७६ युरोंवर गेले. सर्वोच्च साखळीतील खेळाडूचा दर अकुशल मजुरीच्या खाली गेला असता आणि कायद्यानेच त्याला ओढून वर काढावे लागले असते.

संपात पाच संघटना एका बाजूस उभ्या होत्या. खेळाडूंच्या तीन आणि मोठ्या मध्यवर्ती कामगार संघटना दोन. पाच संघटनांची एक मागणी असणे हे किती दुर्मीळ, ते डाव्या चळवळीत आयुष्य घालवलेल्यांना ठाऊक आहे. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की बार्सिलोनाच्या ज्या खेळाडूंना किमान वेतनाशी काडीचे कर्तव्य नव्हते त्याही मैदानात उतरल्या नाहीत. खेळाडू म्हणजे लाडावलेले धनिक, त्यांच्या संपाशी आपला काय संबंध, असे म्हणणारे कार्यकर्ते आपल्याकडेही भेटतात. त्यांनी हा पहिला आठवडा पाहावा. ज्याचे पोट भरलेले आहे त्याने उपाशी सहकाऱ्यासाठी काम थांबवणे, यालाच आजवर एकजूट म्हणत आले आहेत.

हंगामाचा उरलेला भाग मात्र या विजयाची मर्यादा दाखवतो. १३७ विरुद्ध १० हा आकडा पराक्रमाचा खराच. ऐताना बोनमाती ही २०२३ ची जगातील सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि मे २०२४ मध्ये बिल्बाओ येथे ल्योंला २-० हरवून बार्सिलोना युरोपचे विजेते झाले. पण त्याच मे महिन्यात राणी चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी रेआल सोसिएदादवर आठ गोल केले आणि एकही घेतला नाही. अंतिम सामना ८-० होतो तेव्हा विजेत्याचे अभिनंदन करून झाल्यावर पराभूताच्या अंदाजपत्रकाकडेही पाहावे लागते. हंगामअखेर खालच्या श्रेणीत घसरलेल्या दोन संघांत स्पोर्टिंग उएल्वा हा संघ होता. पाठीशी श्रीमंत पुरुषसंघ नसलेला हा महिलांचा स्वतंत्र क्लब. २०१५ मध्ये त्यानेच राणी चषक जिंकला होता. किमान वेतन वाढवायचे आणि उत्पन्नाचे वाटप जुन्याच रीतीने चालू ठेवायचे, तर वाढीचा भार उएल्वासारख्यांच्या पाठीवर पडतो, बार्सिलोनाला तो जाणवतही नाही. मग मालकांची प्रवक्ती मंडळी या लहान क्लबांकडे बोट दाखवून म्हणणार, पाहा, वेतनवाढीने क्लब बुडाला. म्हणून वेतनाच्या मागणीला सामायिक निधीची मागणी जोडल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि तो निधी पुरुषांच्या ९९ कोटींतूनही भरला गेला पाहिजे.

या प्रश्नाचे एक टोक महाराष्ट्र-गोव्यातही आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. स्पेनच्या मुलींनी मडगावला उपान्त्य सामन्यात जर्मनीला आणि ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत अंतिम सामन्यात कोलंबियाला हरवले. त्या स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू विकी लोपेस २०२३-२४ मध्ये बार्सिलोनाकडून खेळत होती. करारातले किमान वेतन तिच्या आधीच्या पिढीने दोन संप करून मिळवलेले होते. त्याच मैदानांकडे पाहणाऱ्या येथील मुलींसाठी अखिल भारतीय महासंघाने २०२३ मध्ये ठराव केला, की प्रथम श्रेणीतील प्रत्येक महिला क्लबाने किमान १० भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत. महिना सव्वीस-सत्तावीस हजार. मैदानावर अकरा उतरतात आणि संघात त्याहून अधिक असतात, हे तूर्त बाजूस ठेवू. ही रक्कम कार्यकारिणीच्या ठरावाने आली, वाटाघाटींच्या मेजावरून नव्हे. आणि ठरावाने दिलेले ठरावाने काढूनही घेता येते. कोल्हापुरात, मुंबईच्या उपनगरांत आणि गोव्यात फुटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये पक्षाच्या कार्यकर्त्यांचा वावर आहे. करार लेखी आहे का, दुखापत झाल्यास पगार चालू राहतो का, प्रवासाचे दिवस कामात धरतात का, एवढे तीन प्रश्न त्यांना विचारून उत्तरे लिहून घ्यावयास कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही.