वजन उतरलं म्हणून गोळ्या थांबवू नका



गेल्या महिन्यात आपल्या सोलापुरातल्याच एका वाचक भगिनीनं विचारलं, "आपा, पुण्यात वजनाचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं. अल्हम्दुलिल्लाह, बत्तीस किलो उतरले, शुगरची गोळीही सुटली. मग आता या ताकदीच्या गोळ्या कशाला? दर महिन्याला खर्च होतो. बंद केल्या तर चालेल ना?"

नाही चालणार. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. कोणती गोळी किती घ्यायची हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनीच सांगायचं. पण गोळी कशासाठी हे कळलं की ती सहसा सुटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०१७ साली इजिप्तची इमान अहमद मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये आली होती, आठवतं ना? वजन पाचशे किलोच्या घरात. ७ मार्चला डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्या टीमनं तिच्यावर स्लीव्ह शस्त्रक्रिया केली. पुढे तिला अबू धाबीला हलवलं आणि सप्टेंबरमध्ये तिचं निधन झालं. तिला आजार अनेक होते. अल्लाह तिची मगफिरत करो. तेव्हा वर्तमानपत्रांत सारखा एकच आकडा यायचा, आज किती किलो कमी झाले. आपल्या घरांतही तेच चालतं. ऑपरेशन झालेल्या बाईला भेटायला येणारी प्रत्येक जण "किती उतरलं?" विचारते, "रक्त तपासलं का?" कोणी विचारत नाही.

वर्गात फळ्यावर पचनसंस्था काढली की मुलं जठराला पिशवी म्हणतात. पिशवी लहान केली, कमी खाल्लं, वजन उतरलं, असं मोठी माणसंही समजतात. पण जठर नुसती पिशवी नाही. तिथं आम्ल तयार होतं, आणि इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं एक प्रथिनही. जेवणातलं बी-१२ या प्रथिनाला धरूनच लहान आतड्याच्या शेवटच्या भागात रक्तात शिरतं. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. बायपासमध्ये जठराची छोटीशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. लोह आणि कॅल्शियम जिथं मुख्यतः शोषलं जातं, तो आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून बाजूलाच पडतो. म्हणजे ताटात खिमा, पालक, दूध सगळं असलं तरी ते पूर्वीसारखं अंगी लागत नाही. या गोळ्यांना 'ताकदीच्या' म्हणणं हीच मोठी अडचण आहे. ताकद आली की माणूस त्या सोडतो. खरं तर ऑपरेशनचा तो उरलेला भाग आहे, आणि तो आयुष्यभर चालतो.

फसवणूक अशी की कमतरता लगेच दिसत नाही. बी-१२ चा साठा यकृतात काही वर्षं पुरतो. दीड वर्षानं "मला काही होत नाही" वाटतं ते त्यामुळंच. मग पायाला झिणझिण्या, चालताना तोल जाणं, विसराळूपणा सुरू होतो. दुर्लक्ष केलं तर नसांचं नुकसान पुरतं भरून येत नाही. म्हणून डॉक्टर रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅमची गोळी किंवा महिन्याला १००० चं इंजेक्शन देतात.

आता वेळेचं. लोह आणि कॅल्शियम एकत्र गिळलं की दोघांची भांडणं होतात, मध्ये किमान दोन तास हवेत. पाळी चालू असलेल्या बाईला लोह साधारण ४५ ते ६० मिलिग्रॅम लागतं. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण शरीर एका वेळी पाचशेच्या आसपासच घेतं, म्हणून दोन-तीनदा विभागून. शिवाय कॅल्शियम कार्बोनेट शोषायला आम्ल लागतं, तेच आता कमी झालेलं असतं. म्हणून कॅल्शियम सायट्रेट लिहून देतात. मेडिकलवाला "तेच आहे, स्वस्त आहे" म्हणून दुसरं देऊ लागला तर पट्टीवरचं नाव वाचा. आणि चहा! लोहाची गोळी चहाबरोबर घेतली की अर्धी वाया. ती लिंबूपाण्याबरोबर घ्या.

प्रथिनं दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतात. एका अंड्यात जेमतेम ६. एवढ्याशा पोटात आधी भाकरी भरली तर बाकी काय मावणार? म्हणून आधी अंडं, मासा, मऊ खिमा, दही, घट्ट डाळ, आणि भाकरी शेवटी.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावी. ऑपरेशननंतर उलट्या काही दिवस थांबल्याच नाहीत तर बी-१ संपतं, त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. एकाचं दोन दिसणं, पाय लटपटणं, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघू नका. आपण सोलापुरात, सर्जन पुण्या-मुंबईत, त्यामुळं जवळच्या दवाखान्यात जातो आणि ग्लुकोजचं सलाईन लागतं. बी-१ न देता नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला धोका वाढतो. डॉक्टरांना दारातच सांगा, वजनाचं ऑपरेशन झालेलं आहे.

लग्नाआधी ऑपरेशन केलेल्या मुलीला माहेरचे बजावतात, सासरी बोलू नकोस. मग गोळ्या पर्समध्ये लपतात आणि लपवलेली गोळी हळूहळू राहूनच जाते. वजन उतरल्यावर दिवस राहणं सोपं होतं, आणि डॉक्टर तर ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गरोदरपण टाळायला सांगतात, कारण बाळाचा वाटाही आईच्या रिकाम्या साठ्यातूनच जातो. बायपासनंतर तोंडानं घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्याही भरवशाच्या राहत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे, रिश्ता ठरतानाच सांगून टाकावं. हे ऐकून मागे फिरणारं घर बाळंतपणात काय सांभाळणार?

रमजानचं बऱ्याच जणी विचारतात. पहिलं वर्ष-दीड वर्ष डॉक्टर बहुधा रोज्याला नको म्हणतात. आजाऱ्याला दुसऱ्या दिवसांत रोजे पूर्ण करण्याची सवलत कुरआननंच दिली आहे (सूरह बकरा, आयत १८५), तेव्हा मनाला लावून घेऊ नका. पुढे डॉक्टरांनी परवानगी दिली तर गोळ्या इफ्तार, तरावीहनंतर आणि सहरी अशा वाटून घ्याव्यात. इफ्तारला बायपासवालीनं गोड सरबत एका दमात पिऊ नये, छातीत धडधड, घाम, चक्कर, जुलाब हे सगळं लगोलग येऊ शकतं.

काही भगिनी कॅप्सूलमधल्या जिलेटिनच्या शंकेनं औषधच सोडतात. त्याची गरज नाही. डी-३ पावडरच्या पुडीत मिळतं, बी-१२ आणि लोह गोळीत मिळतं. डॉक्टरांना सांगून बदलून घ्या.

आणि ज्या भगिनीनं विचारलं तिला एवढंच सांगते: या आठवड्यात हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, डी, कॅल्शियम आणि पीटीएच तपासून घ्या. पुण्याला जाणं जमत नसेल तर इथंच रक्त द्या, रिपोर्टचा फोटो सर्जनच्या दवाखान्यात पाठवा आणि ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड रेशनकार्डाशेजारी ठेवा, म्हणजे रात्री-अपरात्री घरातल्या कोणालाही सापडेल.