जाता जाता एक विचारू का?

आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. तुमचा डॉक्टर कोण?

घरच्यांचा नाही, तुमचा. आत्ता ज्या शहरात तुम्ही हॉस्टेलवर, कॉट बेसिसवर किंवा तिघांत एक फ्लॅट करून राहताय, तिथे रात्री एकशे तीन ताप चढला तर सकाळी कुणाच्या दवाखान्यात जाल? बरेच जण क्षणभर गप्प होतील आणि मग म्हणतील, ‘खाली मेडिकल आहे ना!’

घरी असताना हा प्रश्नच नव्हता. कोपऱ्यावरचे एक डॉक्टर होते. आजीची शुगर, बाबांचं बीपी, तुम्हाला कुठल्या गोळीने अंगावर पुरळ आलं होतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. शिक्षणासाठी, नोकरीसाठी शहर बदललं तेव्हा तुम्ही मेस शोधली, अभ्यासिका शोधली, वायफाय घेतलं, चहाची टपरी ठरवली. डॉक्टर शोधायचा तेवढा राहून गेला.

का राहिला? कारण आपल्या तक्रारी ‘किरकोळ’ असतात. ताप, सर्दी-खोकला, ॲसिडिटी, डोकेदुखी, खाज, थकवा, पाळीची अनियमितता, झोप न लागणं. कुठल्याही फॅमिली डॉक्टरच्या ओपीडीत जाऊन बसा, दिवसभर हेच ऐकू येईल. यातलं बरंचसं खरोखरच किरकोळ असतं आणि आपोआप बरंही होतं. पण किरकोळ कुठलं आणि नाही कुठलं, हे ठरवायला कुणीतरी तपासावं लागतं. नेमकं तेच आपण टाळतो.

ताप घ्या. पावसाळ्यात अंग ठणकत ताप आला की रूममेटच्या ड्रॉवरमधली पेनकिलर घेतली जाते. तो ताप डेंग्यूचा असेल तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. अशा वेळी पॅरासिटामॉल, तेही योग्य प्रमाणात, एवढंच ठीक. आणि डेंग्यूची खरी मेख पुढेच आहे. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, आपल्याला वाटतं सुटलो, आणि काहींच्या बाबतीत धोक्याचे दिवस तेव्हाच सुरू होतात. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त येणं, खूप गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही, त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं. ही गोष्ट काउंटरवरून पट्टी घेताना कोण सांगणार?

ॲसिडिटी घ्या. सकाळी उपाशीपोटी चहा, दुपारी वडापाव, रात्री अकराला बिर्याणी आणि रोज उठल्या उठल्या एक कॅप्सूल. ती कॅप्सूल वाईट नाही, पण वर्षभर मनाने घेत राहायचीही नाही. वजन उतरतंय, घास अडकतोय, शौचाला काळं होतंय, तर ते ॲसिडिटी म्हणून सोडून द्यायचं नसतं.

डोकेदुखीचंही तसंच. चष्म्याचा नंबर, झोपेचा बट्ट्याबोळ, मायग्रेन, बीपी, कारण काहीही असू शकतं. महिन्यातले पंधराएक दिवस, असं तीन-चार महिने, पेनकिलर घेतली तर ती गोळीच डोकं दुखवायला लागते. म्हणजे आजार आणि औषध एकाच पट्टीत!

खाजेबद्दल तर कुणी बोलतच नाही. जांघेत गजकर्ण होतं, लाज वाटते, मेडिकलमधून ट्यूब आणली जाते. तशा अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, पण बुरशी मरत नाही, आतल्या आत पसरते. महिन्याभरात साध्या औषधांना दाद न देणारं चिवट गजकर्ण घेऊन तुम्ही त्वचारोगतज्ज्ञाच्या रांगेत उभे.

आणि खोकला. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर थुंकीची तपासणी करायचीच. टीबी हा म्हाताऱ्यांचा किंवा गरिबांचा आजार नाही, तो ऐन विशी-तिशीतल्या धडधाकट माणसांनाही गाठतो. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. तीन कफ सिरप संपवण्यात घालवलेला महिना मात्र रूममेटलाही महागात पडू शकतो.

अँटिबायोटिकचा विषय इथेच येतो. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल स्वीकारतानाच्या भाषणात धोक्याची सूचना दिली होती: हे औषध कुणालाही दुकानात मिळायला लागलं, लोक अपुरे डोस घ्यायला लागले, तर जंतू औषधाला सरावतील. आपल्याकडे २०१४ पासून काही अँटिबायोटिक्सच्या विक्रीची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवण्याचा नियम आहे. पट्टीवर लाल रेघही असते. तरी ‘पाच दिवसांचा कोर्स, दोन दिवसांत बरं वाटलं, बाकीच्या गोळ्या मित्राला’ हे चालूच आहे. साध्या व्हायरल सर्दीवर अँटिबायोटिक काहीही करत नाही, हे आता तरी लक्षात घ्या.

पण हा लेख गोळ्यांबद्दल नाही. फॅमिली डॉक्टरांना एक गोष्ट चांगली ठाऊक असते. पेशंट सर्दीचं औषध घेतो, उठतो, चप्पल घालतो आणि दारात थबकून म्हणतो, ‘डॉक्टर, जाता जाता एक विचारू का?’ खरी तक्रार ती असते. सर्दी निमित्तमात्र. दोन महिने पाळी आलेली नाही. सेक्सबद्दलची एखादी भीती. तिसऱ्यांदा प्रिलिम हुकली आणि आता सकाळी उठावंसंच वाटत नाही. रोज रात्री ‘थोडीशी’ घ्यावी लागते. ‘थकवा येतो हो’ म्हणणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन खरोखरच कमी असू शकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया ॲनिमिक आहेत. शुद्ध शाकाहारी असाल तर बी-ट्वेल्व्ह कमी असू शकतं. थायरॉइड असू शकतं. आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तर तो थकवा मनाचाही असू शकतो. यातलं काय, हे शोधायला रिपोर्टइतकीच ओळखही लागते. दारातला तो प्रश्न माणूस ओळखीच्या माणसालाच विचारतो. मेडिकलच्या काउंटरवर, मागे चार जण उभे असताना, नाही विचारत.

मान्य आहे, तुमच्याही तक्रारी आहेत. डॉक्टर दोन मिनिटांत उरकतात. ऐकण्याआधी लेक्चर देतात. अविवाहित मुलगी पाळीची तक्रार घेऊन गेली की पहिला प्रश्न तिच्या चारित्र्याचा असल्यासारखा विचारला जातो. हे चूकच आहे आणि ते डॉक्टरांना सांगायला हवं. लैंगिक संबंधांबद्दल विचारणं कधी कधी उपचारासाठी गरजेचं असतं, त्यावर शेरा मारणं कधीच नसतं. असा डॉक्टर बदला, पण डॉक्टरकडे जाणं सोडू नका. घरी कळेल ही भीती असेल तर ऐका: तुमचं वय अठरा पूर्ण असेल तर पेशंटची गुप्तता पाळणं हे डॉक्टरचं व्यावसायिक कर्तव्य आहे. जिवाला धोका असण्यासारखे अपवाद सोडले, तर तुम्हाला न विचारता आईबाबांना फोन जाता कामा नये.

मग करायचं काय? धडधाकट आहात तेव्हाच, या रविवारच्या आत, चालत जाता येईल असा एक जनरल प्रॅक्टिशनर शोधा. मोठ्या पाटीपेक्षा ‘ते ऐकून घेतात’ असं कोण कुणाबद्दल म्हणतंय ते बघा. खिसा रिकामा असेल तर महापालिकेचा दवाखाना आहेच. जाताना जुने रिपोर्ट न्या. चालू गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो मोबाइलमध्ये असू द्या. सिगारेट, दारू, जिमची पावडर, काही लपवू नका. आणि दारातला प्रश्न खुर्चीत बसल्या बसल्याच विचारा. निघताना एवढं पक्कं करून घ्या: हे काय असेल, किती दिवसांत उतार पडायला हवा आणि काय झालं तर लगेच परत यायचं. मन फारच जड झालं, रात्री कुणीच जवळ नाही, अशा वेळी १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर चोवीस तास सुरू असतो. तिथे मराठीतही बोलता येतं.

एक मागणी कॉलेजांकडे आणि अभ्यासिका चालवणाऱ्यांकडेही. प्रवेशाच्या वेळी तुम्ही मेडिकल सर्टिफिकेट मागता, एका शिक्क्यावर विषय संपतो. त्याऐवजी आठवड्यातून दोन संध्याकाळी तोच डॉक्टर तुमच्याकडे बसेल एवढं बघा. दर वेळी नवा डॉक्टर आणलात तर दारातला प्रश्न कुणी विचारणार नाही.

मुलांनो, मोबाइलमध्ये स्विगीवाल्यापासून ब्रोकरपर्यंत सगळ्यांचे नंबर सेव्ह आहेत. त्यात ‘डॉक्टर’ असं टाइप करून बघा. गावाकडचाच नंबर आला, तर इथल्या डॉक्टरला शोधायला आज संध्याकाळीच निघा.